सुप्त कासदाह घरच्या घरी कसा ओळखावा?

दूध पांढरंशुभ्र, कास मऊ, गाय वैरण नीट खाते, पण दूध मात्र हळूहळू घटतंय. अशा वेळी आपण पेंडीला नाहीतर हवेला दोष देतो. बऱ्याचदा दुखणं एखाद्या सडात असतं. कास सुजून कडक झाली, दुधात गाठी दिसल्या की त्याला आपण दगडी म्हणतो. त्याआधीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकार म्हणजे सुप्त कासदाह.

तो दिसतो पेशींवरून. दुधात गाईच्या शरीरातल्या पेशी असतातच. निरोगी सडात मिलिलिटरला साधारण एक लाखाच्या आत. जंतू सडाच्या छिद्रातून वर चढले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेकडे धाव घेतात आणि हा आकडा 2 लाखांच्या वर जातो. म्हणजे पेशी ही घाण नव्हे, ती गाईची फौज आहे. गंमत अशी की दुधात उतरल्यावर ही फौज थोडी मंदावते, कारण जंतूंबरोबर ती स्निग्धांशाचे कणही गिळत बसते. गावच्या बहुतेक संकलन केंद्रांवर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजतात, पेशी नाही. त्यामुळे ही तपासणी आपल्यालाच करावी लागते.

साधन म्हणजे चार वाट्यांचं प्लास्टिकचं पॅडल आणि सीएमटीचं, म्हणजे ‘कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट’ या कासदाहाच्या चाचणीचं, जांभळं द्रावण. ही चाचणी 1957 मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. द्रावण मिळालं नाही तर अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवूनही काम भागतं.

सड धुऊन कोरडे पुसा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढा. गाठी, पाणी किंवा रक्त दिसलं तर चाचणीत वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा. नाहीतर प्रत्येक सडाचं दूध त्याच्या ठरलेल्या वाटीत घ्या, पॅडल तिरकं करून दोन-दोन मिली ठेवा आणि तितकंच द्रावण घाला. आता पॅडल आडवं धरून गोल फिरवा आणि 10 ते 20 सेकंदांत निकाल वाचा. उशीर केलात तर फसाल.

मिश्रण पाण्यासारखं पातळ राहिलं तर सड ठीक. दाट झालं तर संशय. जेलीसारखा गोळा होऊन मध्ये उंचवटा आला तर पेशी लाखोंनी आहेत. साबण पेशी फोडतो, आतला डीएनए बाहेर येऊन चिकटतो, म्हणून ही जेली. नुकत्याच व्यायलेल्या गाईचा चीक आणि आटत आलेलं दूधही दाट होतं, ते दिवस टाळा. महिन्यातून एकदा तपासा आणि सडागणिक वहीत लिहा. एका निकालापेक्षा दोन महिन्यांची नोंद जास्त बोलते.

सड दाटसर निघाला तर घरात पडलेली औषधाची ट्यूब लगेच सडात सोडू नका. कोणता जंतू आहे ते दूध तपासून डॉक्टर ठरवतील. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर सांगितलेले दिवस ते दूध केंद्रावर घालायचं नाही. त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा.

बाकी सगळं धार काढणाऱ्याच्या हातात. अंगठा दुमडून सड ओढायची आपली जुनी खोड सडाला आतून जखमा करते. पूर्ण मुठीनं पिळा. धारेनंतर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा आणि गाईपुढे ताजी वैरण टाका, म्हणजे ती उभी राहील. सडाचं छिद्र मिटायला अर्धा ते एक तास लागतो, तेवढ्यात ती शेणात बसली तर सगळं मुसळ केरात.

विण्याआधी साधारण 60 दिवस गाय आटवताना डॉक्टरांना विचारून सडात औषध सोडून घ्या. पुढचे दोन आठवडे कास रोज नुसती डोळ्यांनी पाहा. पिळून पाहू नका, सडाच्या तोंडाशी बसलेलं, जंतूंना अडवणारं केराटिनचं मेणासारखं बूच निघून जातं.