राक्षसाला ‘तू’ की ‘तुम्ही’? मुंबईत राहून अद्भुत कादंबरी कशी लिहावी

कादंबरी लिहायची म्हटलं की लोक आधी माथेरानला जायला सांगतात. मग पहाटे चारला उठायला. त्यानंतर कातडी बांधणीची वही घ्यायला. यातलं काहीही करू नका. जादूगार आणि राक्षसांच्या माझ्या तीन कादंबऱ्या कांदिवली ते चर्चगेट आणि कुकरच्या दुसऱ्या ते चौथ्या शिट्टीच्या दरम्यान लिहून झाल्या आहेत. माथेरानला मी एकदा गेले होते. माकडाने पिशवीसकट दोन प्रकरणं पळवली. कादंबरीचं त्यात भलंच झालं.

वही किंवा मोबाइल तुमच्याकडे आहे आणि भुताखेतांच्या गोष्टी ऐकत तुम्ही वाढलात, असं धरून चालते.

जागेचं फार मनावर घेऊ नका. मला लोकलमध्ये अंधेरीच्या आसपास तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळते. अर्धं बूड हवेत असतं, त्यामुळे लांब वाक्यं सुचतच नाहीत. फायदाच आहे.

नकाशा काढू नका. नवखे लेखक चार-चार महिने नद्या रंगवत बसतात. राज्य नद्यांनी बनत नाही, कोणी कोणाला काय देऊन टाकलं याने बनतं. आपल्याच शहराचं बघा. १६६१च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. १६६८मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली. हे मी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकांनी ‘पटत नाही’ म्हणून खोडलं असतं. तुमच्या राज्याबद्दल तीनच ओळी लिहा: आधी कोणाचं होतं, कोणी दिलं, भाडं किती. कथानक आपोआप चालायला लागेल.

जादूला खर्च लावा. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भलीमोठी चामडी पायताणं वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि ती झिजतात. देवाचीही पायताणं झिजतात, आणि तुमचा सोळा वर्षांचा नायक डोंगर उचलून घामसुद्धा पुसत नाही?

आता खरं अवघड काम. भाषा.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला एका सर्वनामात राजा, चोर आणि कुत्रा उरकता येतो. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे, आणि नाव न घेता मारलेली ‘अहो’ ही हाक आहे. पहिल्या कादंबरीत मी यावर विचारच केला नाही. अद्भुत म्हणजे भारदस्त, असं समजून सगळ्यांच्या तोंडी संस्कृत कोंबलं. एकशे चाळीस पानं. जंगलातला देवचार, म्हणजे कोकणातलं राखण करणारं भूत, नायिकेला म्हणतो, “आपण या अरण्यात कोणत्या प्रयोजनाने पदार्पण केलेत?” सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या, त्यांना वाचून दाखवलं. त्या कुडाळच्या. त्यांच्या लहानपणी गावाच्या शिवेवर देवचार होता, म्हणजे घरच्यांचा तसा विश्वास होता. त्यांनी गवारीची शेंग हातात तशीच धरली आणि विचारलं, “देवचार ‘आपण’ म्हणता? बँकेत कामाक आसा काय तो?”

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी एकशे चाळीस पानं रद्दीत गेली.

मग मी उलटी चूक केली. सगळ्यांना मुंबईची रस्त्यावरची भाषा दिली. “काय बॉस, शाप देऊ का?” पहिली दहा पानं मैत्रिणी खूप हसल्या. अकराव्या पानावर राक्षसाने गाव जाळलं, तेव्हाही हसल्या. ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती करताना आपण फार हुशार आहोत असं वाटत राहतं.

यातून बाहेर काढलं ते एका तक्त्याने. मोठा कागद घ्या. पात्रांची नावं आडवी लिहा, तीच उभी लिहा. प्रत्येक चौकोनात कोण कोणाला काय म्हणतं ते भरा. सात पात्रं असतील तर बेचाळीस चौकोन होतात, आणि ते सगळे हाताने भरायचे. कंटाळा येईल, येऊ दे. माझ्या राणीच्या ओळीत असं होतं: मांत्रिकाला दरबारात ‘तुम्ही’, रागात ‘तू’, भीती वाटली की संबोधनच नाही, नुसतं वाक्य. मुलगा आईला ‘अगं’ म्हणतो आणि वडिलांना ‘अहो’, एवढं दाखवलं की त्या घरात कोण कोणाच्या कुशीत रडतं हे सांगत बसावं लागत नाही.

तक्ता भरला की लोकलमध्ये कान उघडे ठेवून बसा. एकदा माझ्यासमोर दोघींचं जागेवरून जुंपलं. अंधेरीला “अहो ताई, जरा सरकता का?” होतं. पार्ल्याला “ए, हात काढ.” खार येईपर्यंत दोघींच्या माहेरचा उद्धार झाला. आणि वांद्र्याला त्यातली एक एकदम शांत झाली, पर्स मांडीवर नीट ठेवली आणि म्हणाली, “आपण शिकलेल्या दिसता.” अख्खा डबा गप्प. माझी चेटकीण मला तिथे सापडली. ती ओरडत नाही. ज्याला संपवायचं त्याला ती ‘आपण’ म्हणते.

तेव्हापासूनचा माझा नियम: सर्वनाम बदललं की तिथे काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. ‘तुम्ही’चं ‘तू’ किंवा ‘तू’चं ‘आपण’, असे बदल एका कादंबरीत दोन, फार तर तीन. प्रत्येकाला लाल पेनाने गोल करा. वीस गोल निघाले, तर तुमची पात्रं बदलत नाहीयेत, तुम्ही झोपेत टाइप करताय.

संस्कृत पूर्ण टाकू नका. मंत्रांना ठेवा, आणि खोटं बोलणाऱ्यांना. शाप मात्र मराठीतच हवा, आणि आखूड. ‘वाटोळं होईल तुझं’ या तीन शब्दांपुढे अनुप्रासाची दीड पानं फिकी पडतात.

आणि कृपा करून, नावात शक्ती असते हे समजवायला म्हाताऱ्या ऋषीचं भाषण घालू नका. माझ्या आजीने आयुष्यभर आजोबांना नावाने हाक मारली नाही. घ्यायचं झालंच तर यमक जुळवून, उखाण्यात, चारचौघांत, नेमक्या प्रसंगी. मंत्राचे नियम याहून वेगळे काय असतात? मराठी वाचक हे घरूनच शिकून आलेला असतो.

एवढं जमलं की बाकीचं सोपं आहे. पात्राचं नाव ठरवताना ते बाल्कनीतून “जेवायला ये!”ला जोडून ओरडून बघा. शेजारचे हसले तर बदला.

मधली शंभर पानं रटाळ होतातच. लिहीत राहा.

छापायला देण्याआधी एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा, ती म्हणजे ऱ आणि रफार. कीबोर्डवर ‘ऱ’ वेगळा टाइप करावा लागतो, आणि घाईत तो निसटतो. नायक ‘दऱ्या’ ओलांडायचा तो ‘दर्या’ ओलांडतो, म्हणजे डोंगरातला माणूस भर समुद्रात. माझ्या दुसऱ्या कादंबरीत चूक उलटी झाली. मी ‘आचार्यांनी’ लिहिलं होतं. कोणाच्या कृपेने कोण जाणे, मुद्रितात त्या एका प्रकरणात सगळीकडे ‘आचाऱ्यांनी’ झालं. त्यामुळे आश्रमात राजपुत्राला अस्त्रविद्या शिकवली ती आचाऱ्यांनी, आणि युद्धाच्या आदल्या रात्री सेनापतीने मसलत केली तीही आचाऱ्यांशीच. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “हां, ह्यो माणूस बरो आसा.”

मी तो तसाच ठेवला. फक्त राजपुत्राच्या ओळीतला चौकोन बदलावा लागला. गुरूला तो ‘आपण’ म्हणत होता, आचाऱ्याला ‘काका’ म्हणायला लागला.