वस्तीतलं व्यसन रोखायला प्रार्थनास्थळानं काय करावं?

मंदिर असो, मशीद, चर्च, गुरुद्वारा वा विहार, तिथे ठरलेल्या वेळी तीच माणसं भेटतात. कुणाचा मुलगा हल्ली दिसत नाही, हे तिथे सर्वांत आधी लक्षात येतं. म्हणून व्यसनाची चाहूलही तिथेच लवकर लागू शकते.

सुरुवात बोलण्यापासून करा. प्रवचनात व्यसनी माणसाला पापी, वाया गेलेला म्हटलं की त्याच्या घरचे त्या दिवसापासून तोंड मिटतात. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे धर्मगुरूंनी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगावं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच. एखादी आई मदत मागायला येईल, ती हे ऐकूनच.

ती आली तर कुणाशी बोलेल? त्यासाठी दोन-तीन विश्वासू माणसं नेमा, त्यांत एक तरी स्त्री हवी. ऐकलेलं समितीपर्यंतही जाऊ नये, अपवाद फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा, आणि तोही आधीच सांगून ठेवावा. या मंडळींनी जवळचं व्यसनमुक्ती केंद्र स्वतः जाऊन पाहावं, तिथल्या डॉक्टरांशी ओळख करून घ्यावी.

आता शपथेविषयी, कारण इथे चांगल्या हेतूनंही जीव जाऊ शकतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला देवासमोर शपथ घालून एका दिवसात दारू सोडायला लावू नका. अचानक बंद केल्यानं झटके येतात, भ्रम होतो, मृत्यूही ओढवतो. आधी डॉक्टर, मग शपथ. हेरॉइनसारख्या नशेचा धोका उलट्या बाजूनं येतो. काही दिवस बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती घटते, आणि पाय घसरल्यावर जुनाच डोस जीवघेणा ठरतो. म्हणून पुन्हा घेतली म्हणून कुणाला हाकलू नका, उलट जास्त लक्ष ठेवा. माणूस उठत नसेल, श्वास मंदावला असेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

मुलांना भयानक चित्रं दाखवणारं एखादं व्याख्यान फारसं उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर सभागृह उघडं ठेवा. खेळ, अभ्यास आणि जवळ एक जबाबदार मोठं माणूस, एवढं पुरे. पालकांना घरातल्या झोपेच्या व वेदनाशामक गोळ्या कुलपात ठेवायला सांगा.

एखादी खोली व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकींसाठी मोफत द्या. दारू सोडायला एकमेकांना आधार देणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिच्या बैठका आजही अनेक ठिकाणी चर्चच्या खोल्यांत भरतात. येणाऱ्याला धर्म विचारू नका.

विक्रेत्यांना स्वतः अडवायला जाऊ नका, पोलिसांना समितीच्या नावानं कळवा.

उपचार घेऊन परतलेल्याला पहिल्याच आठवड्यात काम द्या: खुर्च्या मांडणं, झाडलोट, पाणी भरणं. दानपेटीचा हिशेब मात्र इतक्यात नको. आणि तो एखाद्या दिवशी आला नाही, तर संध्याकाळी त्याच्या घरी कुणीतरी जाऊन यावं.