होमस्टेची स्वस्त, साधी वेबसाइट: तारखांचा घोळ न होऊ देता कशी करावी

पन्हाळ्यावर दोन खोल्या असोत, राधानगरीच्या वाटेवर शेतातलं घर असो, नाहीतर कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहत्या घराचा वरचा मजला असो, एवढ्या पसाऱ्याला वीस-पंचवीस हजारांची वेबसाइट लागत नाही. डोमेनचे, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचे, वर्षाला साधारण ६०० ते १२०० रुपये आणि दोन संध्याकाळी एवढ्यात काम होतं. पाहुण्याला तीनच गोष्टी हव्या असतात: मला हवी ती तारीख मोकळी आहे का, एकूण किती पैसे पडतील, आणि घर नेमकं कुठे आहे. ही उत्तरं मोबाइलवर एका मिनिटात मिळाली की वेबसाइटचं काम झालं. सरकणारे फोटो, आपोआप वाजणारं संगीत, ‘आमच्याविषयी’ची चार पानं यांवर कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

१. डोमेन स्वतः घ्या

हे काम ‘वेबसाइटवाल्या’वर सोडू नका. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येईल असं घ्या. दुसऱ्याच्या खात्यात घेतलेलं डोमेन त्याने फोन उचलायचं बंद केलं की अडकून पडतं. तोवर पाट्यांवर आणि कार्डांवर छापलेला पत्ता मात्र तोच असतो. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाचा आकडा पाहा. पैसे भरताना यादीत होस्टिंग (साइट ठेवायची जागा), एसएसएल (साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र), ईमेल आधीच टिक केलेलं असतं, ते सगळं काढून टाका. नाव असं निवडा की त्याचं इंग्रजी स्पेलिंग फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता येईल. ‘वाडा’मध्ये ए किती, हे प्रत्येकाला समजावत बसायला लागू नये, आणि मध्ये आडवी रेघ तर नकोच.

२. पान गूगल साइट्सवर बनवा

वर्डप्रेस चांगलं आहे, पण त्याला सतत कुणीतरी पाहणारं लागतं. प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) अद्ययावत केले नाहीत की साइटमध्ये कुणीही घुसतं आणि तुमच्या पानावर भलत्याच जाहिराती दिसू लागतात. गूगल साइट्स फुकट आहे, अपडेटची भानगड नाही, एसएसएल आपोआप मिळतं. दिसायला साधं आहे, तेवढं चालतं. कुणी अजूनही ‘गूगल बिझनेस प्रोफाइलमधूनच (गूगल नकाशावरच्या धंद्याच्या नोंदीतूनच) फुकट वेबसाइट होते’ असं सांगत असेल तर ती माहिती जुनी आहे. ती सोय मार्च २०२४मध्ये बंद झाली.

डोमेन जोडताना एकच अडचण येते. गूगल सांगेल तो सीनेम (एका नावाला दुसऱ्या पत्त्याशी जोडणारी नोंद) डोमेनच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी टाकायचा. पण पाहुणा पत्ता लिहिताना तीन डब्ल्यू लिहीत नाही. म्हणून साध्या पत्त्याला डब्ल्यूवाल्या पत्त्याकडे फॉरवर्ड करा. ही सोय डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्येच असते. एवढं राहिलं तर अर्ध्या लोकांना साइट बंदच दिसते. बदल लागू व्हायला कधी काही मिनिटं, कधी एक-दोन दिवस लागतात. त्या काळात पुन्हा पुन्हा सेटिंग बदलू नका.

३. मजकूर आणि फोटो

एकच लांब पान पुरे. वर घराचा फोटो, नाव, गाव आणि व्हॉट्सॲपचं बटण. खाली खोल्या, दर, तारखा, नकाशा, अटी, याच क्रमाने.

दर लपवू नका. ‘दरासाठी संपर्क करा’ असं लिहिलेलं पान लोक बंद करतात. एरवीचा दर, शनिवार-रविवारचा दर आणि गर्दीच्या दिवसांचा दर असे तीन आकडे लिहा. जादा माणसाचे आणि जेवणाचे पैसे वेगळे सांगा. तांबडा-पांढरा घरी करून देत असाल तर किती माणसांपासून आणि किती तास आधी सांगायला लागेल, तेही लिहा.

फोटो आडवे, दिवसा, पडदे उघडून काढा. संडास-बाथरूमचा फोटो हवाच, कुटुंब घेऊन येणारा माणूस आधी तोच शोधतो. गाडी लावायची जागा आणि मुख्य रस्त्यावरून आत वळायचा कोपरा, हे दोन फोटोही घाला. मोबाइलचा फोटो ४-५ एमबीचा असतो. तो १६०० पिक्सेल रुंदीवर आणून २०० ते ३०० केबीपर्यंत लहान करा आणि मगच चढवा, कारण गाडीत बसून, मिळेल त्या रेंजवर तुमचं पान पाहणारे बरेच असतात.

जाहिरातीचं पत्रक छापलेल्या प्रेसकडून मजकूर आणला असेल तर तो बहुधा श्रीलिपी या छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. वेबसाइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करतो तसा, पुन्हा टाइप करा. खाली तोच मजकूर इंग्रजीतही द्या. जुलै २०२५मध्ये १२ मराठा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यांत पन्हाळा आहे. परराज्यातून येणारा माणूस तो इंग्रजीतच शोधणार. बेळगाव-हुबळीहून अंबाबाईला येणाऱ्यांसाठी कन्नडमध्ये चार ओळी घातल्या तर फार उपयोग होतो, पण कन्नड येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, यंत्राच्या भाषांतरावर जाऊ नका.

पत्ता सांगताना खुणा वापरा. पुण्याकडून येणाऱ्याला तावडे हॉटेलपासून, पन्हाळ्याला जाणाऱ्याला वाघबीळपासून पुढचा रस्ता लिहून द्या. मंदिराजवळचं घर असेल तर ‘जवळच’ असं न लिहिता चालत किती मिनिटं ते लिहा आणि म्हातारी माणसं चालू शकतील का तेही सांगा.

४. तारखांचं कॅलेंडर: चुका इथेच होतात

एअरबीएनबी आणि बुकिंग डॉट कॉम ही दोन ॲप, फोन आणि आता वेबसाइट, अशा चार दारांनी बुकिंग येऊ लागलं की एकच खोली दोन कुटुंबांना दिली जाते. नवरात्रात रात्री नऊला दोन गाड्या दारात उभ्या राहिल्यावर दुसऱ्या कुटुंबाची सोय गावात कुठेच होत नाही. सल्ला देणारे सांगतात, ‘आयकॅल (एका कॅलेंडरच्या तारखा दुसऱ्याला वाचता येतील असा दुवा) जोडा, सगळं आपोआप होतं.’ होत नाही. का होत नाही ते समजून घ्या, म्हणजे चूक टळेल.

आधी मांडणी. संगणकावर गूगल कॅलेंडर उघडून प्रत्येक खोलीसाठी वेगळं कॅलेंडर करा. मोबाइलच्या ॲपमध्ये हे सगळे पर्याय मिळत नाहीत. घरच्या कामांचं कॅलेंडर यासाठी वापरू नका. प्रत्येक कॅलेंडर सार्वजनिक करा, पण ‘फक्त मोकळं की व्यस्त एवढंच दिसू दे’ हा पर्याय निवडा. दुसरा पर्याय निवडलात तर नोंदीतलं पाहुण्याचं नाव आणि फोन नंबर जगाला दिसतो. मग ही कॅलेंडरं पानात बसवा, वेळ भारताची ठेवा, महिन्याचा देखावा निवडा आणि प्रत्येक खोलीला वेगळा रंग द्या. पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून नावं दिसत नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहा.

आता सापळे.

पहिला आणि सर्वांत वाईट. बुकिंगची नोंद तुम्ही ‘पूर्ण दिवस’ अशी करता. गूगल कॅलेंडर पूर्ण दिवसाच्या नोंदीला स्वतःहून ‘फ्री’ असं धरतं, ‘बिझी’ नाही. तुम्हाला स्वतःच्या कॅलेंडरमध्ये नोंद ठळक दिसते, पण वेबसाइटवर ती तारीख मोकळीच दिसते, कारण तिथे फक्त ‘बिझी’ नोंदी जातात. प्रत्येक नोंद करताना ‘बिझी’ निवडलंय का पाहा. दरवेळी. नोंद केली की लगेच वेबसाइट उघडून ती तारीख भरलेली दिसते का हे बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

दुसरा सापळा रात्रींचा. पाहुणा शुक्रवारी येऊन रविवारी सकाळी जाणार असेल तर तो दोनच रात्री राहतो, शुक्रवार आणि शनिवार. नोंद शुक्रवार ते शनिवार अशीच करा. रविवार धरलात तर रविवारची रात्र विनाकारण अडते. उलट, गुरुवारी रात्री उशिरा येणाऱ्याची नोंद शुक्रवारपासून केलीत तर गुरुवार दुसऱ्याला जातो. नोंद रात्रींची करायची, दिवसांची नाही, हे भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल.

तिसरा सापळा वेळेचा. गूगल कॅलेंडरचा आयकॅल पत्ता एअरबीएनबी आणि बुकिंग डॉट कॉममध्ये जरूर टाका. तो ‘सार्वजनिक पत्ता’च असू द्या, ‘गुप्त पत्ता’ नको, कारण गुप्त पत्त्यातून सगळा तपशील बाहेर जातो. पण या जोडणीत तारखा त्याच क्षणी जात नाहीत. समोरची कंपनी काही तासांनी तुमचं कॅलेंडर वाचते. त्या मधल्या तासांत तीच खोली तिकडे विकली जाऊ शकते, आणि गर्दीच्या दिवसांत ती विकली जातेच. म्हणून फोनवरचं बुकिंग पक्कं करताना क्रम ठरलेला हवा: आधी दोन्ही ॲप उघडून तारीख मोकळी आहे का पाहा, तिथेच ती हाताने बंद करा, गूगल कॅलेंडरमध्ये नोंद करा, आणि मगच पाहुण्याला ‘पक्कं’ असं लिहा. आधी ‘पक्कं’ सांगून मग कॅलेंडर उघडणं, हीच चूक सर्रास होते.

चौथा. ॲपवरून आलेलं बुकिंग गूगल कॅलेंडरमध्ये आपोआप आणण्याच्या फंदात पडू नका. बाहेरचं कॅलेंडर गूगल अतिशय सावकाश वाचतं, कधी १२ तास, कधी त्याहून जास्त. शिवाय ते वेगळं कॅलेंडर म्हणून बसतं आणि तुमच्या पानावर दिसतच नाही. बुकिंगची सूचना आली की नोंद हाताने करा, दोन मिनिटांचं काम आहे. मात्र ते बुकिंग रद्द झालं तर तुमची नोंदही हातानेच काढा. ती राहिली तर तुमच्याच कॅलेंडरमधून ती तारीख पुन्हा ॲपकडे ‘भरलेली’ म्हणून जाते आणि मोकळी खोली रिकामीच राहते. हंगामात खोली रिकामी का राहिली, हे शोधताना आधी इथे पाहा.

नवरात्र, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, ३१ डिसेंबर, आणि पन्हाळ्यावर असाल तर जुलैतल्या पावनखिंड मोहिमांचे दिवस, या तारखा ॲपवर दोन-तीन महिने आधीच बंद करून फक्त थेट बुकिंगला ठेवा, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवसांत खोली भरायला ॲपची गरज नसते, आणि एकच दार उघडं असलं की घोळ होत नाही. यजमानाने बुकिंग मोडलं तर ॲपवाले दंड लावू शकतात, तोही प्रश्न मग उरत नाही.

घर पूर्णही देत असाल आणि खोलीवारही, तर पूर्ण घराच्या बुकिंगची नोंद प्रत्येक खोलीच्या कॅलेंडरमध्ये करायला लागते. हे जमत नसेल तर दोन्हींपैकी एकच पद्धत ठेवा.

५. बटण आणि पैसे

स्वतःच्या वेबसाइटवर ‘आत्ता बुक करा’ असं बटण नको, ‘तारीख विचारा’ असं ठेवा. त्याला व्हॉट्सॲपचा दुवा जोडा. त्यात ९१ आणि पुढे दहा आकडी नंबर, ९१च्या आधी अधिक चिन्ह, नंबरच्या आधी शून्य किंवा मध्ये मोकळी जागा नाही. दुव्यात आधीच लिहिलेला निरोप घाला: ‘येण्याची तारीख, जाण्याची तारीख, मोठी माणसं, मुलं’. नुसतं ‘हॅलो, रूम आहे का’ असे निरोप त्याने बरेच कमी होतात.

यूपीआयचा क्यूआर पानावर टाकू नका. तारीख नक्की झाल्यावर व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जातील ते पानावर लिहा. खोट्या होमस्टेच्या नावाने फसवणूक होत असल्याने पाहुणा पैसे भरण्याआधी ते नाव जुळवून पाहतो. आधारचे फोटो फॉर्मवर मागू नका, ओळखपत्र आल्यावर पाहा.

६. अटींत पूर लिहा

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्याकडची वाट बंद झाली होती. जुलै-ऑगस्टच्या बुकिंगसाठी स्वच्छ लिहा: रस्ता प्रशासनाने बंद केला तर आगाऊ रक्कम पूर्ण परत, किंवा सहा महिन्यांत दुसरी तारीख. ‘पाऊस जास्त आहे म्हणून येत नाही’ यासाठी वेगळी ओळ हवी. ही ओळ नसली की दोन्ही कारणं एकाच वादात मिसळतात.

७. गूगलवर दिसणं

पानाचं शीर्षक ‘होम’ असं सोडू नका. घराचं नाव, गाव आणि ‘मुक्काम’ हे तीन शब्द त्यात हवेत. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, ते करा. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात, म्हणून आधी दारावर नावाची पाटी लावून घ्या. पाटी, रस्ता आणि कुलूप उघडतानाचे तुम्ही, हे एकाच सलग व्हिडिओत यायला हवं. प्रोफाइलवरचा नंबर आणि वेबसाइटवरचा नंबर एकच ठेवा.

शेवटी शेजाऱ्याचा स्वस्तातला फोन घ्या, वायफाय बंद करा आणि पान उघडा. पुढच्या महिन्यातली एक भरलेली तारीख भरलेली दिसते का, व्हॉट्सॲपचा निरोप तुमच्या फोनवर येतो का, नकाशा तुमच्याच दारात आणतो का, एवढं तपासा. नकाशाची खूण मागच्या गल्लीत पडली असेल तर पाहुणा घाटात किंवा बोळात अडकण्याआधी आजच दुरुस्त करा.