स्ट्रोकमध्ये रक्तस्राव झालेला चार्ट कसा कोड करायचा

आमच्या मालाडच्या मेडिकल कोडिंगच्या फ्लोअरवर (चार्टमधल्या निदानांना आणि उपचारांना आयसीडी-१०चे ठरावीक कोड देण्याचं काम) रात्रपाळीला येणाऱ्या नव्या मुलांत बीएचएमएस, फार्मसी, नर्सिंग केलेली बरीच असतात. त्यांना मेंदू कळतो, पण चार्ट वाचायची घाई नडते. अमेरिकेत हॉस्पिटलात भरती झालेल्या पेशंटच्या चार्टमध्ये इन्फार्क्ट (रक्तपुरवठा थांबून मेंदूचा भाग मरणं) आणि ब्लीड (रक्तस्राव) दोन्ही दिसले की ती विचारतात, "मॅडम, दोन्हीतला कुठला कोड?" दोन्ही. रक्तस्राव झाला म्हणून आधीचा इन्फार्क्ट नाहीसा होत नाही.

एक नमुना घ्या. सत्तरीतले गृहस्थ, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आहे, डावं अंग लुळं पडलं म्हणून इमर्जन्सीत आणलं. निदान: मेंदूच्या उजव्या मिडल सेरेब्रल आर्टरीत एम्बोलस (वाहत येऊन अडकलेली गुठळी), त्यातून इन्फार्क्ट. गुठळी विरघळवणारं औषध अल्टेप्लेस दिलं. दुसऱ्या दिवशी उलट्या, गुंगी, आणि सीटीत बेसल गँग्लियामध्ये (मेंदूच्या खोल भागात) रक्तस्राव.

ॲडमिशनचं कारण इन्फार्क्ट, म्हणून आय६३.४११ पहिला, पीओए (भरती होतानाच हे होतं का, याची खूण) 'वाय', म्हणजे हो. मग रक्तस्राव, जागेनुसार: बेसल गँग्लिया म्हणजे सबकॉर्टिकल, आय६१.०. तो हॉस्पिटलात आल्यावर झाला, म्हणून पीओए 'एन', म्हणजे नाही. ऑडिटला माझ्याकडे चुका येतात त्या बहुतेक याच एका अक्षराच्या. पहिला सीटी आणि दुसरा सीटी यांच्या वेळा कागदावर लिहून काढा, मगच 'वाय' किंवा 'एन' ठरवा.

आता खरी गोम. रक्तस्राव औषधामुळे झाला का? डॉक्टरनं 'अल्टेप्लेसमुळे' असं लिहिलं असेल, तर आय६१ च्या मागोमाग टी४५.६१५ए, म्हणजे नीट दिलेल्या थ्रॉम्बोलिटिक (गुठळी विरघळवणाऱ्या) औषधाचा दुष्परिणाम. पण नोटमध्ये 'अल्टेप्लेसनंतर रक्तस्राव' एवढंच असेल तर टी कोड लावायचा नाही. इन्फार्क्ट आपोआपही रक्ताळतो, औषध न देताही. दोन्हींचा संबंध जोडणं डॉक्टरचं काम, आपलं नाही. तिथे डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवा.

क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. "हा रक्तस्राव अल्टेप्लेसमुळेच ना?" ही क्वेरी मी परत पाठवते. सीटीची तारीख, औषधाची वेळ, लक्षणं मांडा आणि कारण विचारा. पर्याय द्या: औषधाचा परिणाम, इन्फार्क्टचं आपोआप झालेलं हेमरेजिक कन्व्हर्जन (इन्फार्क्टमध्येच रक्तस्राव), अन्य काही, सांगता येत नाही. पैशाचा उल्लेख अजिबात नको.

रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टवरही थेट कोड करू नका. 'इन्फार्क्टमध्ये पेटेकियल रक्तस्राव' (बारीक ठिपक्यांसारखा) फक्त रिपोर्टात असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या नोटमध्ये चकार शब्द नसेल, तर तेही क्वेरीचंच काम. याउलट एनआयएचएसएसचा (स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या स्कोअरचा) आकडा नर्सच्या नोटमधून घेता येतो, स्ट्रोकचं निदान मात्र डॉक्टरचंच हवं. १४ असेल तर आर२९.७१४, आय६३ च्या नंतर. किमान पहिला स्कोअर तरी द्यायचाच.

डावं अंग लुळं, पण पेशंट उजखुरा की डावखुरा हे कुठेच नाही? मग डावी बाजू नॉन-डॉमिनंट (कमी वापरातली) धरायची, जी८१.९४. उजवी असती तर डॉमिनंट धरली असती. सेरेब्रल एडेमा (मेंदूला सूज) डॉक्टरनं लिहिला असेल तर जी९३.६ सोडू नका. तो मोठा कोमॉर्बिडिटी (सोबतच्या गंभीर आजाराचा) कोड आहे आणि घाईत हमखास राहतो.

दुसऱ्या हॉस्पिटलात अल्टेप्लेस देऊन पेशंट तुमच्या हॉस्पिटलात पाठवला असेल, आणि ते ॲडमिशनच्या आधीच्या २४ तासांत दिलं असेल, तर झेड९२.८२ जोडा. इन्फ्यूजनचा (शिरेतून औषध दिल्याचा) प्रोसीजर कोड ३ई०३३१७ मात्र तुमच्या हॉस्पिटलचा नाही, तो ज्यांनी दिलं त्यांचा. रक्तस्राव वाटेतच सुरू झालेला असेल तर त्याचाही पीओए 'वाय'. ट्रान्सफरचे कागद स्कॅनच्या अगदी शेवटी असतात, तिथपर्यंत स्क्रोल करा.