हेडसेट निवडायचा तर चालू इंजिनामागे बसून

मी अमेरिकेत सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून सेसना १७२ हे छोटं विमान उडवते. तिथे शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या आहेत, ३१ लेफ्ट आणि ३१ राइट. टॉवरने सांगितलेला तो एक शब्द, लेफ्ट की राइट, इंजिनाच्या घरघरीतून नीट कानावर पडलाच पाहिजे. म्हणून हेडसेट पारखताना मी आधी बघते की माणसाचं बोलणं किती स्वच्छ येतं. शांतता किती, हे त्याच्यानंतर.

कुठला आवाज अडवायचाय, ते आधी लक्षात घ्या. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० झाले. प्रोपेलरला दोन पाती, म्हणजे सेकंदाला ८० फटके. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, तेही ८०च. केबिनमध्ये जे छातीत घुमतं ते हे ८० हर्ट्झ. कानावरच्या जाड गाद्या वाऱ्याची शिट्टी, चिरका आवाज छान अडवतात, पण या खर्जापुढे त्यांचं फारसं चालत नाही. एएनआर (ॲक्टिव्ह नॉइज रिडक्शन) नेमका इथे कामाला येतो: कानाच्या वाटीतला छोटा माइक आवाज टिपतो आणि त्याच्या उलटी लहर आत सोडून तो दाबतो. वरच्या पट्टीत मात्र त्यालाही गादीचाच आधार. त्यामुळे महागडा एएनआर घेतला पण गादी नीट बसली नाही, तर पैसे वाया.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यांवरून तुलना करू नका. एनआरआर हा आकडा गाद्यांनी अडवलेल्या आवाजाचा असतो, एएनआरचं काम त्यात धरलेलं नसतं. डेसिबल हलक्यात मात्र घेऊ नका. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ला उरतो एक तास. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

आता प्रत्यक्ष पारख. क्लबातल्या ओळखीच्यांकडून दोन-तीन हेडसेट मागून घ्या, लोक आनंदाने देतात. रन-अपच्या जागी, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासतात तिथे, ब्रेक लावून इंजिन १८००वर न्या आणि एएनआर बंद ठेवूनच हेडसेट चढवा. कानामागून बोट फिरवा, कुठे फट राहिलीय का बघा. मग एएनआर चालू करा आणि रेडिओवर एटिस, म्हणजे विमानतळाच्या हवामानाची ध्वनिमुद्रित माहिती, लावा. आवाज न वाढवता वारा आणि क्यूएनएच (उंचीमापक जुळवायचा हवेचा दाब, इथे त्याला अल्टिमीटर सेटिंग म्हणतात) असे आकडे एका दमात लिहून घेता आले तर हेडसेट पास. चष्मा असेल तर हे सगळं चष्मा लावूनच करा. जाड काडीने गादी उचलली जाते आणि तिथून आवाज शिरतो. मी उडताना बारीक तारेच्या काडीचा चष्मा लावते, तेवढ्यानेसुद्धा फरक पडला.

आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला हाफ मून बेला नेलं. तिला क्लबातला जुना, घट्ट पकडीचा पॅसिव्ह, म्हणजे एएनआर नसलेला, हेडसेट दिला. विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेतानाच मी विचारलं, "आई, ऐकू येतंय ना?" "येतंय गं, पण कान दुखतोय." तिच्या मोत्याच्या कुड्या गादीखाली दबून पाळीत रुतल्या होत्या. थांबून त्या काढल्या, रुमालात बांधून तिच्या पर्समध्ये ठेवल्या, आणि मग ती सगळा किनारा निवांत बघत बसली. तेव्हापासून कानात काही असेल तर मी आधीच काढायला सांगते. आणि हेडसेट दहा मिनिटं घालून कधीच ठरवत नाही. पकड कळते ती दुसऱ्या तासात, टाळूवर आणि जबड्याच्या सांध्यापाशी.

नावं घ्यायची तर बोस ए-३० डोक्याला सगळ्यात हलका वाटतो, पण त्याला तेराशे डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. लाइटस्पीडच्या डेल्टा झुलूमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर आहे. १७२चा हीटर एक्झॉस्टच्या मफलरभोवतीची गरम हवा आत घेतो, मफलरला तडा गेला तर तो वायू केबिनमध्ये येतो. हिवाळ्यात उडणाऱ्याने या सेन्सरचे पैसे आनंदाने द्यावेत असं मला मनापासून वाटतं. डेव्हिड क्लार्कचा हिरवा एच१०-१३.४ पॅसिव्ह आहे, किंमत खूपच कमी, आणि वर्षानुवर्षं टिकतो. आठवड्याला एक तास शिकणाऱ्याने तो घ्यावा आणि उरलेले पैसे उड्डाणाच्या तासांवर घालावेत. ब्लूटूथवरून निवड करू नका.

प्लग तपासा. १७२मध्ये बहुतेक ठिकाणी दोन वेगळे जॅक असतात, ऐकण्याचा जाड आणि माइकचा बारीक. सहा पिनांचा लेमो प्लग पॅनेलमधून वीज घेतो, पण भाड्याच्या विमानात तो असेलच असं नाही. माझ्या पहिल्या, जुन्या घेतलेल्या हेडसेटचा उजवा कान मुका होता. बिघडलाय समजून मी तो तीन आठवडे तसाच ठेवून दिला. खरं तर पॅनेल मोनो होतं आणि हेडसेटवरचं छोटं बटण स्टिरिओवर.

एएनआर सेलवर चालत असेल तर डबल-ए सेलची जादा जोडी जवळ असू द्या. सांताक्रूझच्या डोंगरांवर माझे सेल संपले तेव्हा रेडिओ चालूच होता, पण सगळी घरघर एकदम अंगावर आली. म्हणून उडताना एकदा मुद्दाम एएनआर बंद करून रेडिओ समजतो का ते बघा.

आणि पहिल्या उड्डाणाला इन्स्ट्रक्टरला बरोबर घ्या. पुरेशा उंचीवर जाऊन नवा हेडसेट घालून एक स्टॉल करा, म्हणजे पंखांची उचल सुटेपर्यंत वेग कमी करा. १७२ची स्टॉलचा इशारा देणारी पिपाणी तुम्हाला स्पष्ट ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर तो हेडसेट परत करा.