नागपूरच्या वाढत्या वस्तीत प्लॉट कसा घ्यावा: बयाना देण्याआधीची कामं

बेसा, बेलतरोडी, घोगली, हुडकेश्वर, नरसाळा, गोधनी, वाडीच्या पलीकडचा भाग. शहर या बाजूंनी पसरतंय आणि नोकरदार माणसाला दीड हजार फुटांचा प्लॉट परवडेल अशी जागा आता इकडेच उरली आहे. बजेट, बँक, घरच्यांची पसंती हे तुम्ही बघालच, त्यावर मी शब्द घालवत नाही. ओळखीच्यांचे कागद तपासायला मी वर्षानुवर्षं जातो आणि दरवेळी एकच सल्ला कानावर येतो: "सातबारा क्लिअर आहे, रजिस्ट्री लागते, मग अडचण काय?" या सल्ल्यानं किती घरं अडचणीत आली ते मी बघितलंय. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवला जातो. विकणाऱ्याची मालकी पक्की आहे याची हमी तिथे कुणी देत नाही.

वस्ती बघा, पण दलालाच्या वेळेवर नाही

दलाल हिवाळ्यात, सकाळी अकरा वाजता, गाडीत बसवून नेतो. तेव्हा सगळेच लेआउट, म्हणजे रस्ते आखून पाडलेल्या प्लॉटच्या वसाहती, चांगले दिसतात. तुम्ही मे महिन्यात संध्याकाळी जा. पारा 45 च्या घरात असतो, घरोघरी कूलर सुरू असतात आणि त्याच वेळी लाइन टिकते की नाही, व्होल्टेज पडतं की नाही ते कळतं. कूलरला पाणीही लागतं. महापालिकेच्या हद्दीबाहेर बऱ्याच ठिकाणी बोअर आणि टँकरवर काम चालतं, म्हणून बोअर किती फुटांवर आहे आणि उन्हाळ्यात आटतो का, हे तिथे राहणाऱ्या काकूंना विचारा. विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

दुसरी फेरी जोराच्या पावसानंतर. काळी माती असेल तर चप्पल रुतते, आणि पायव्याचा खर्चही त्याच मातीमुळे वाढतो. नाला जवळ असेल तर पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते पानठेल्यावर विचारा. सप्टेंबर 2023 मध्ये एका रात्रीच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि खाली असलेल्या जुन्या, चांगल्या वसलेल्या कॉलन्यांच्या घरांत पाणी शिरलं. जुन्या वस्तीची ही गत, तर कालपरवा नाला सरकवून पाडलेल्या लेआउटमध्ये उताराकडे बघायलाच हवं. वरून उच्चदाबाच्या तारा जात असतील तर तिथूनच परत फिरा. भाव कितीही कमी असो.

शेजार कसा आहे हे बघायचं असेल तर तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी जा. लाकडी बैल सजवून पोरं एका जागी जमली आहेत, कुणीतरी तोरण बांधलंय, बक्षिसं वाटली जातायत, म्हणजे त्या लेआउटमध्ये माणसं एकमेकांना ओळखतात. अशाच ठिकाणी रस्त्याच्या दिव्यासाठी अर्ज करायला चार जण सोबत येतात. निम्मे प्लॉट गुंतवणुकीचे म्हणून रिकामे पडले असतील, तर गाजरगवत आणि कचऱ्याशी तुम्हालाच एकट्यानं झगडावं लागेल.

लेआउट कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ठरवा

आपल्याकडे ढोबळ मानानं तीन प्रकार भेटतात. पहिला एनएटीपी: जमीन अकृषक झालेली आणि लेआउटचा नकाशा मंजूर. दुसरा आरएल: गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे विनामंजुरी छोटे तुकडे पाडून विकलेला प्लॉट, जो नियमित केल्याचं पत्र निघालंय. गुंठेवारीचा कायदा 2001 चा. 572 आणि 1900 लेआउट हे आकडे नागपुरात पोराटोरांनाही पाठ आहेत, ते असे लेआउट नियमित करण्याच्या कामातूनच. तिसरा प्रकार म्हणजे शेतात चुना टाकून पाडलेले तुकडे, ज्यांना दलाल "लवकरच आरएल होणार" म्हणतो. तिसरा प्रकार घेऊ नका. यावर माझं मत बदलणार नाही.

"डिमांड भरली आहे", म्हणजे प्लॉट नियमित करण्यासाठी मागितलेली रक्कम भरली आहे, हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. डिमांड भरल्याची पावती म्हणजे पैसे भरल्याची पावती. पत्र निघालं नसेल तर प्लॉट नियमित झालेला नाही. तसंच एनएटीपीत मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम, ते आदेशावर वाचा. मंजुरी देणारी कार्यालयं वेगवेगळी: शहरात नागपूर सुधार प्रन्यास आणि महापालिका, तर बाहेरच्या गावांत 2017 पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. तुमचा मौजा (महसुली गाव) कुणाकडे येतो ते विचारा आणि आदेश त्याच कार्यालयाचा आहे का ते बघा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर नवीन लेआउट पाडून प्लॉट विकत असतील, तर महारेराचा (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः उघडून बघा.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) लिहिलं असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

नकाशातला प्लॉट आणि जमिनीवरचा प्लॉट एकच आहे का

खरी फसगत इथे होते, आणि सर्वात कमी लोक हेच तपासतात. मलाही ही पायरी नीट समजायला सर्वात जास्त वेळ लागला, कारण कागद सगळे खरे असतात आणि तरी प्लॉट दुसराच असतो.

याचं कारण क्रमांकात आहे. जुन्या गृहनिर्माण संस्थांनी शेतजमिनीवर लेआउट पाडले तेव्हा एक नकाशा होता. पुढे नियमित करताना रस्ते रुंद झाले, मोकळी जागा सोडावी लागली आणि सुधारित नकाशा आला. त्यात प्लॉटचे क्रमांक बदलले. जुन्या नकाशातला 32 नव्या नकाशात 45 होतो आणि नवा 32 भलत्याच कोपऱ्यात जातो. विक्रीपत्रावर 32 लिहिलंय, आरएलवर 32 लिहिलंय, पण एक जुना आणि एक नवा. कधी जुन्या क्रमांकाचा प्लॉट नव्या नकाशात ओपन स्पेसमध्ये किंवा पब्लिक युटिलिटीच्या जागेत गेलेला असतो. तो तुम्हाला विकला जातो, रजिस्ट्रीही लागते, आणि बांधकामाचा नकाशा टाकायला गेलात की कळतं.

म्हणून दोन्ही नकाशे मागा. झेरॉक्सवर भागवू नका. संबंधित कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. मौजा, खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे क्रमांक), पटवारी हलका (तलाठ्याचं कार्यक्षेत्र) क्रमांक प्रत्येक कागदावर जुळवा. एकाच खसऱ्यात दोन संस्थांचे लेआउट असू शकतात, तेव्हा संस्थेचं नावही बघा.

मग टेप घेऊन जागेवर जा. विक्रीपत्राच्या शेवटी चतुःसीमा असते: पूर्वेस अमुक प्लॉट, पश्चिमेस 9 मीटर रस्ता, असं. कागद हातात धरून चारही बाजूंना उभे राहा. लेआउटमध्ये बांधलेलं एखादं घर शोधा, त्यांना नमस्कार करून विचारा, "दादा, तुमचा प्लॉट क्रमांक किती?" तिथून मोजत या. नकाशात 9 मीटरचा रस्ता जागेवर 6 मीटर भरत असेल तर कुणाचं तरी कंपाउंड पुढे आलंय, आणि ते तुमच्याच बाजूचं असेल तर पुढेमागे भिंत तुमची पडेल. 139.35 चौरस मीटर म्हणजे 1500 चौरस फूट. जागेवर 30 बाय 50 भरतंय का ते मोजा. शंका राहिली तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या. विकणारा मोजणीला टाळाटाळ करतो, त्या प्लॉटचा विचार सोडा.

शेजाऱ्यांना आणखी एक गोष्ट विचारा: हा प्लॉट बघायला याआधी कोण आलं होतं, कुणी खुंट्या ठोकल्या होत्या का? एकच प्लॉट दोघांना विकलेला असेल, तर दुसरा मालक कधीतरी गवत काढायला येऊन गेलेला असतो आणि समोरच्या घरातल्या आजींनी त्याला बघितलेलं असतं. सर्च रिपोर्टमध्ये (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांच्या तपासणीत) जे सापडत नाही ते इथे सापडतं, कारण पूर्वी कित्येक प्लॉट नुसत्या कब्जापत्रावर, म्हणजे ताबा दिल्याच्या स्टॅम्पपेपरवर, दिले गेले. त्याची नोंद कुठेच नसते. तुमचा विकणाराही कब्जापत्रावरच बसला असेल आणि संस्थेनं त्याला नोंदणीकृत विक्रीपत्र दिलेलं नसेल, तर आधी त्यानं ते करून घ्यावं. मग बोला.

सर्च आणि बयाना

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च करून घ्या, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्रमांकांनी. वकील तुमचा असावा, दलालानं आणलेला नको. बयाना चेकनं द्या आणि बयानापत्रात कागद न जुळल्यास पैसे परत मिळण्याची मुदत लिहून घ्या.

फ्लॅट घेत असाल तर

भोगवटा प्रमाणपत्र, डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारतीतले फ्लॅट आणि सामायिक जागा जाहीर करणारा दस्त) आणि जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा, हे तिन्ही बघा. नवीन प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे लक्षात ठेवा.

रजिस्ट्री आणि नंतर

रजिस्ट्री सरळ काम आहे. राहत्या घरासाठी महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. नोंदणी फी जास्तीत जास्त 30,000. दस्ताला चतुःसीमा आणि मंजूर नकाशाची प्रत जोडा, दोन्ही क्रमांक लिहा.

सूची दोन (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) हातात आली की फेरफार आणि मालमत्ता कर नावावर करून घ्या. चार कोपऱ्यांत सिमेंटचे खांब गाडा, बाजूच्यांना बोलावून त्यांच्यासमोर. घर बांधायला वेळ असला तरी लेआउटच्या रहिवासी समितीत नाव नोंदवा आणि पहिल्या बैठकीला जा. ओपन स्पेसवर अतिक्रमण होतंय, गडरलाइन (सांडपाण्याची लाइन) कुठून जाणार, हे तिथेच आधी कळतं.