पॅडल स्टीमरच्या इंजिनासमोर कसं उभं राहावं

'वेव्हर्ली' या पॅडल स्टीमरवर, म्हणजे बाजूच्या चाकांनी पाणी कापत जाणाऱ्या वाफेच्या बोटीवर, मी पहिल्यांदा चढलो तेव्हा पाच मिनिटांत इंजिनाचे चाळीसेक फोटो काढले आणि वर डेकवर हवा खायला गेलो. मोटर जहाजांवर, म्हणजे डिझेल इंजिनाच्या जहाजांवर, फोर्थ इंजिनिअर म्हणून दीड वर्ष काढलेलं होतं. वाफेचं इंजिन म्हणजे परीक्षेपुरता घोकलेला एक धडा, त्यात नवीन काय बघायचं, असा तोरा होता. घरी येऊन फोटो उघडले, तर कोणता सिलिंडर कोणता हेही सांगता येईना. सगळं चकचकीत दिसत होतं आणि सगळं थांबलेलं होतं.

मरीन किंवा मेकॅनिकल शिकणाऱ्या ज्या कोणाला या जुन्या इंजिनांची ओढ लागली आहे, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी पहिली फेरी फुकट गेली, तुमची जाऊ नये.

वेव्हर्लीपासून सुरुवात करायला सांगतो याचं कारण सोपं आहे. समुद्रावर प्रवासी घेऊन जाणारी ती जगातली शेवटची पॅडल स्टीमर मानली जाते, आणि तिचं इंजिन लपवलेलं नाही. दोन्ही बाजूंच्या बोळांतून जाता-येता कोणीही कठड्याला टेकून ते बघू शकतो. ग्लासगोला ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीत १९४६ साली ती पाण्यात उतरली, १९४७ पासून धावू लागली. इंजिन ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर यांचं. १९७४ मध्ये जुन्या मालकांनी ती पॅडल स्टीमर प्रिझर्व्हेशन सोसायटीला एका पौंडाला विकली. भंगाराच्या वाटेवरची बोट अजून धावते आहे ती त्यामुळे.

कठड्याशी गेल्यावर कॅमेरा खिशात ठेवा आणि एकच प्रश्न धरा: हे इंजिन तिरकं का बसवलंय?

उत्तर तिथेच, समोर असतं. पॅडलची दोन चाकं बोटीच्या दोन कुशींना, आणि त्यांना जोडणारा शाफ्ट पाण्याच्या रेषेच्या वर, बोटीच्या आडवा गेलेला. सिलिंडर जड, त्यामुळे ते तळाशी बसवलेले बरे, नाहीतर बोट वरच्या अंगाला जड होणार. खाली सिलिंडर, वर शाफ्ट, मधे सरळ रेघ ओढा. ती तिरकीच येते. मधे गिअरबॉक्स नाही, काही नाही. पिस्टनने क्रँक, म्हणजे शाफ्टची वाकडी भुजा, ढकलायचा, क्रँकने शाफ्ट फिरवायचा, शाफ्टने चाकं. एवढंच यंत्र, आणि तेही सगळं उघड्यावर.

पुढची पाच मिनिटं फक्त मोजा. पूर्ण वेगात शाफ्ट मिनिटाला पन्नासेक फेरे घेतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, ६६ इंच, साडेपाच फूट. एका फेऱ्यात पिस्टन अकरा फूट चालतो, तर मिनिटाला साधारण साडेपाचशे फूट. आकडा ऐकायला मोठा आहे, पण डोळ्यांना घाई दिसत नाही. पिस्टनचा जोर क्रँकपर्यंत नेणारा कनेक्टिंग रॉड चांगला लांबरुंद आहे, एका रॉडवर नजर ठेवली तर त्याचा पूर्ण फेरा आरामात पकडता येतो. आधुनिक इंजिनात ही सोय नाही. तिथे सगळं झाकणांच्या आत चालतं आणि आपण स्क्रीनवरचे आकडे वाचत बसतो.

मग सिलिंडर ओळखा. तीन आहेत: २४, ३९ आणि ६२ इंच व्यासाचे. तीच वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये काम करते, तिथून मधल्यात जाते, मग मोठ्यात. दाब उतरतो तशी ती फुगते, म्हणून जागा जास्त लागते. व्यासांचे वर्ग करून बघा. मोठ्या पिस्टनचं क्षेत्रफळ लहान्याच्या साडेसहा पटींहून जास्त भरतं. तिन्ही पिस्टननी साधारण सारखं काम करावं म्हणून हा खटाटोप. हा हिशोब मी तिथेच, कठड्यावर वही टेकवून केला होता, दुसऱ्या फेरीत. पुस्तकातला तो धडा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

आता कारागिरी. नवखा माणूस इथेच फसतो, मीही फसलो. पितळ चकाकतं, तांब्याचे पाइप आरशासारखे दिसतात, कठडे लखलखीत, आणि आपण म्हणतो, वा, काय कारागिरी! ती घासूनपुसून ठेवणाऱ्या खलाशांची मेहनत आहे, तिला दाद द्यायलाच हवी. पण इंजिन घडवणाऱ्याची कारागिरी बघायची तर जिथे चकाकी नाही तिथे बघा.

बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांमधे बारीक पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. बेअरिंग झिजलं की एक चकती काढायची, दोन्ही भाग थोडे जवळ येतात, ढिलेपणा जातो. रॉडच्या टोकाला कुठे कुठे निमुळती पाचर ठोकलेली दिसेल. तिचंही काम तेच, थोडी आत ठोकली की सांधा पुन्हा घट्ट. शाफ्ट ज्यात फिरतो ते अस्तर व्हाइट मेटलचं, मुद्दाम मऊ ठेवलेलं. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये आणलेल्या मिश्रधातूच्या घराण्यातलं. झिजायचंच तर ते अस्तर झिजावं, शाफ्टला ओरखडा येऊ नये. अस्तर पुन्हा ओतता येतं. शाफ्ट पुन्हा घडवायला घ्यायचा म्हणजे जहाजाचा हंगाम बुडाला.

हे यंत्र झिजणार हे घडवणाऱ्याने पहिल्या दिवशीच धरलेलं होतं. कुठे झिजेल, किती झिजेल, मग कोणी कुठे पाना लावायचा, हे सगळं आराखड्यातच आहे. मी ज्या मोटर जहाजांवर होतो तिथे खराब झालेला सुटा भाग फेकून नवा बसवायची सवय लागली होती. ती पद्धत वाईट नाही, वेळ वाचतो. पण हात शिकत नाही.

एक बारीक गोष्ट शोधायची सवय लावा. मोठ्या नटांच्या माथ्यावर आकडा ठोकलेला असतो आणि शेजारच्या बोल्टवरही तोच. हा नट याच बोल्टचा, दुसऱ्याचा नाही. काही ठिकाणी जोडीच्या दोन भागांवर पंचचे छोटे ठिपके आमनेसामने दिसतात. ठिपक्याला ठिपका आला म्हणजे पूर्वी जिथवर आवळलं होतं तिथवर आवळलं गेलं. ते ठिपके कोणी मारले ते कुठेच लिहिलेलं नसतं.

तेलाची तऱ्हाही बघण्यासारखी. प्रत्येक बेअरिंगवर पितळी तेलाची कुपी, त्यात लोकरीच्या धाग्यांची वात, वातीचं दुसरं टोक खालच्या नळीत सोडलेलं. वात तेल शोषते आणि थेंबाथेंबाने खाली सोडते, पंपाशिवाय. धागे वाढवले की तेल जास्त, कमी केले की कमी. काम संपलं की वाती नळीतून वर काढून ठेवायच्या, नाहीतर इंजिन थांबलेलं आणि तेल रात्रभर वाहतंय. जुने लोक वात बघून सांगत की कोणतं बेअरिंग जरा तापट आहे.

आता माझी फजिती. त्या दुसऱ्या फेरीनंतर एका हिवाळ्यात मी एका छोट्या पॅडल बोटीच्या दुरुस्तीत स्वयंसेवक म्हणून राबलो. बोटीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. दोन सिलिंडरांचं कंपाउंड इंजिन, म्हणजे वाफ दोन टप्प्यांत वापरणारं; एका बिग एंडमधून, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकातून, ठोक्याचा आवाज येत होता. स्ट्रोक उलटताना एक 'टक्'. मला वाटलं, सोपं आहे, शिम काढू. किती ढिलेपण आहे हे बघायला शिशाची तार घालतात. बेअरिंग उघडायचं, तारेचे तुकडे शाफ्टवर ठेवायचे, ठिपक्यांपर्यंत आवळायचं, पुन्हा उघडायचं आणि चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजायची. जेवढी जाडी तेवढी फट. मी तार एकच घातली, तीही एका काठाला. माप घेतलं, शिम काढली, आवळलं, खूश झालो.

वाफेवर चालवल्यावर ठोका गेला. मी आजूबाजूला बघून घेतलं, कोणी ऐकतंय ना म्हणून. वीसेक मिनिटांनी तिथले वयस्कर इंजिनिअर आले, क्रँकच्या लयीत हात पुढे केला, तो वर येताना बोटांनी बेअरिंगला टेकवला आणि काढून घेतला. एक फेरा, दोन फेरे. मग काही न बोलता त्यांनी इंजिन थांबवायची खूण केली. जळक्या तेलाचा वास मला त्यानंतर आला. (हात घालण्याचा हा प्रकार तुम्ही करून बघू नका. तो जमणाऱ्यांची बोटं शाबूत असतात कारण न जमणारे ते करत नाहीत.)

उघडलं तर एका बाजूचं व्हाइट मेटल लोण्यासारखं पुढे सरकलेलं. क्रँकपिन, म्हणजे हे बेअरिंग जिच्यावर बसतं ती क्रँकची पिन, एका टोकाला किंचित जास्त झिजलेली होती, आणि मी नेमकी त्याच टोकाला तार ठेवली होती. म्हणजे फट मोजली जास्त असलेल्या ठिकाणी आणि आवळलं दोन्हीकडे. पुढचे दोन दिवस निळा रंग लावून स्क्रेपिंग. पिनवर पातळ निळा थर द्यायचा, बेअरिंग टेकवून फिरवायचं, जिथे निळं उमटलं तो उंचवटा, तिथलं केसाएवढं खरवडायचं. पुन्हा निळा, पुन्हा टेकवायचं. पहिल्या दिवशी निळे डाग चार-पाच ठिकाणी आणि मोठे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सगळीकडे बारीक शिंतोड्यांसारखे पसरले, तेव्हा त्या गृहस्थांनी मान हलवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नोकरीच्या दृष्टीने विचारणाऱ्यांसाठी दोन शब्द. वाफेच्या जहाजावर इंजिनिअर म्हणून काम करायचं तर मोटरचं सर्टिफिकेट तेवढ्याने चालत नाही, स्टीमची वेगळी नोंद लागते. ती मिळवायला वाफेवरची सी-टाइम, म्हणजे जहाजावर काढलेला नोकरीचा काळ, लागते, आणि वाफेची जहाजं आता मोजकीच. शिकायला मात्र सर्टिफिकेट लागत नाही. या बोटी उन्हाळ्यात धावतात आणि हिवाळ्यात त्यांची इंजिनं दुरुस्तीसाठी उघडतात, म्हणून उन्हाळ्यात बघा आणि हिवाळ्यात राबा. पहिला आठवडा नुसती सफाई करावी लागेल. ती कंटाळवाणी आहे, पण तड्याची बारीक रेघ आधी दिसते ती पुसणाऱ्यालाच.

वाचन कराल तर ओतकाम आणि लोहारकामाचंही करा. ६२ इंची सिलिंडर ओतण्याआधी कोणीतरी तो लाकडात हुबेहूब केलेला असतो, तोही किंचित वाढीव मापाने, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना शंभराला एक एवढं आकसतं. पॅटर्नमेकरची फूटपट्टीच वेगळी, तेवढी ताणलेली. आणि वाफेच्या घणाची कथा तर या विषयाचीच आहे. १८३९ साली 'ग्रेट ब्रिटन' जहाजाला एवढा जाड पॅडल शाफ्ट हवा होता की तो घडवायला कोणी पुढे येईना. त्यावर जेम्स नॅस्मिथ यांनी वाफेच्या घणाचं चित्र काढलं. पुढे जहाजाचे अभियंते ब्रुनेल यांनी चाकं सोडून प्रोपेलर निवडला. ज्या शाफ्टसाठी घण सुचला तो शाफ्ट कधी घडलाच नाही.

वेव्हर्ली डोळ्यांत बसली की इतर इंजिनं बघताना फरक जाणवतो. ड्रेस्डेनला एल्बे नदीवर 'डीसबार' आहे. बोट १८८४ ची, पण तिच्यातलं इंजिन १८४१ चं, ग्रिनिचच्या जॉन पेन यांच्या कारखान्यातलं. त्यात कनेक्टिंग रॉडच नाही. सिलिंडरच पाळण्यासारखा झुलतो आणि पिस्टन रॉड थेट क्रँकला जोडलेला. वाफ आत जाते ती ज्या खुंट्यांवर सिलिंडर झुलतो त्यांच्या पोटातून. 'ग्रेट ईस्टर्न' या जुन्या महाकाय जहाजाच्या पॅडल इंजिनात याच तऱ्हेचे चार सिलिंडर होते, ७४ इंच व्यासाचे, चौदा फुटांच्या स्ट्रोकचे. एवढं धूड झुलवायचं आणि खुंट्यांतून वाफ गळू द्यायची नाही, हे मला अजून पचलेलं नाही. ल्यूसर्नच्या सरोवरावर 'उरी' (१९०१) पासून 'श्टाट लुझर्न' (१९२८) पर्यंत पाच पॅडल स्टीमर आहेत. त्या फार नेटक्या आहेत, माझ्या चवीला जरा जास्तच, पण इंजिन तिथेही प्रवाशांना डोळे भरून बघता येतं.

बाहेरच्या चाकाकडेही एकदा वळा. फळ्या चाकाला पक्क्या ठोकलेल्या नसतात, त्या बिजागरीवर असतात आणि चाकाच्या केंद्रापासून जरा बाजूला बसवलेल्या एक्सेंट्रिकला सळ्यांनी जोडलेल्या. त्यामुळे फळी पाण्यात शिरताना आणि निघताना जवळजवळ उभी राहते, पाण्याला थप्पड मारत नाही की पाणी उचलत नाही. एलायजा गॅलोवे यांचं हे पेटंट १८२९ चं. त्यातली प्रत्येक सळी आणि प्रत्येक पिन पाण्याखाली झिजते, आणि हिवाळ्यात त्यांचे बुश, म्हणजे पिनभोवतीची नळीसारखी अस्तरं, बदलणं हे सगळ्यांत गारठवणारं काम.

माझ्या वहीत चेपलेल्या शिशाच्या तारेचे दोन तुकडे चिकटवलेले आहेत. दुरुस्तीनंतर त्याच बेअरिंगचं माप घ्यायचं काम त्या गृहस्थांनी मलाच दिलं, आणि या वेळी मी दोन्ही काठांना तार घातली. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा जाड आहे. डोळ्यांना कळत नाही, नखाला कळतं.